खुर्ची आणि बोंड

बुधवार, १४ नोव्हेंबर, आर्णी

आज तांड्यावर बोंडअळीची माहिती द्यायला गेले, तर लोकांनी माझ्या ड्रायव्हरलाच "या साहेब" म्हणत खुर्ची दिली. कीटकशास्त्रात डॉक्टरेट माझी! तो बिचारा ओशाळला. मी उभ्यानेच निरोगी दिसणारं हिरवं बोंड चिरलं. आत गुलाबी अळी. सगळे पुढे सरकले. पण खुर्चीचं मनाला लागलंच. इतकं का लागावं?

मग गर्दीतली कमलाबाई म्हणाली, "मॅडम, माह्या वावरात चाला. उद्या पऱ्हाटी उपटाले बाया सांगितल्या हायेत."

तिच्या वावरात आम्ही दोघींनी पुष्कळ बोंडं चिरली. बहुतेक चांगली निघाली. "कपाशी उपटू नका," मी म्हटलं.

ती हसली. "मंग त्याच बायायले कापूस वेचाले लावतो."

घरी येऊन पोटभर जेवले.