कानडी नको

लातूर, उन्हाळा १९८३

चि. सौ. दानम्मास,

विहिरी आटल्या म्हणून तू नागूला घेऊन माहेरी भालकीला गेलीस. काल गुरुलिंग तुम्हाला भेटून आला. म्हणाला, “आई, नागू तिथं लई बोलायलाय. कानडीत.”

इथं माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलला नाही. “कानडी नको, लातूर आता जिल्हा झालाय,” असं मीच तुला दटावलं. मराठी जेमतेम येणारी तू त्याच्याशी बोलणंच सोडलंस. शेजारणींना मात्र मी सांगितलं, सुनेच्या माहेरचा मुकेपणा आहे.

तुला मराठी वाचता येत नाही. हे पत्र तुझ्या वडिलांनी तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे मला सोसणार नाही. गुरुलिंगकडे एवढाच निरोप देते, की परतल्यावरही नागूशी कानडीतच बोल. चूक माझी होती, हे त्यातून गाळते.

तुझी सासू,
शांतम्मा