सूर्य सर्वांत जवळ असतो तो दिवस

२९ डिसेंबर
बाबा आले. आले कसले, धाकट्या भावानं आणून टाकले! खुबा मोडलाय, त्याच्या घराला तीन जिने, माझं घर तळमजल्यावर. म्हणून माझ्या गळ्यात. आल्या आल्या पहिलं वाक्य — "चहा गार आहे." जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, पलंगावरूनही वर्गच घेतो.

३० डिसेंबर
तारांगणात आज चार खेळ. म्हणजे भर दिवसा चार वेळा रात्र करायची, मृग नक्षत्र दाखवायचं आणि शेवटी ऋतूंचं सांगायचं — सूर्य जवळ-लांब असण्यानं ऋतू होत नाहीत, पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून होतात. हे सांगताना रोज माझा डावा गाल तापतो.

सहावीत भूगोलाला बाबाच होते. म्हणाले, "सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते." मी उभी राहिले. म्हटलं, नाही सर, आस कललेला असतो, मी वाचलंय. थाड्! "बापाला शिकवतेस?" सगळा वर्ग हसला. नंतर शाळा संपेपर्यंत मी हात वर केला नाही.

३१ डिसेंबर
आज तोंडावरच विचारलं — सहावीतलं आठवतं? बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणे, "रेडिओ लाव." काय हा ताठा! एकदा 'चुकलो' म्हटलं तर जीभ झडेल?

१ जानेवारी
पाय चेपून दिले.

२ जानेवारी
ठरलं! उद्या पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ. आख्ख्या वर्षात सर्वांत जवळ, आणि इथे दातावर दात वाजतायत. धाकटाही येतोय. त्याच्यासमोर बाबांकडून वदवूनच घेणार. टेबलावर सूर्य म्हणून दिवा मांडला, पृथ्वी म्हणून संत्रं ठेवलं.

३ जानेवारी
सकाळी बाबांनी दुसरं पांघरूण मागितलं. म्हटलं, आज तर सूर्य जवळ आहे, पांघरूण कशाला? नाही दिलं. कुडकुडत पडून राहिले. मला बरं वाटलं — हेही लिहून ठेवते.

अकराला धाकटा आला. टेबल बघून हसायलाच लागला. "अगं, हा तर बाबांचा प्रयोग! सुई कुठाय?"
कसली सुई?
"आईची, विणायची. संत्र्यात तिरकी खुपसून दिव्याभोवती फिरवायचे. मी सहावीत होतो तेव्हाही केलं, नंतरही दरवर्षी. सुरुवातच अशी — 'हे मला माझ्या एका विद्यार्थिनीनं शिकवलं. मी तिला मारलं. ती बरोबर होती.' मला वाटलं, तुला माहीत असेल."

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते.

४ जानेवारी
बाबांच्या अंगावर दुसरं पांघरूण घातलं.
दरवर्षी चाळीस-चाळीस पोरांसमोर कबूल केलं! फक्त मला सोडून.