पूजेचा शार्क

देजॉन, ५ सप्टेंबर

आई,

इथूनच तुला वाकून नमस्कार. चुसकच्या सणाचा आमचा वाटा म्हणून पाठवलेली दोंबेगी पोचली. बर्फसुद्धा वितळला नव्हता. पार्सल उचलताना गिचान म्हणाला, "सासूबाईंनी गाळ्यावरचा अख्खा शार्कच खारवून पाठवला की काय!" तुझे गुडघे कसे आहेत? ओल्या फरशीवर तासन्‌तास उभी राहू नकोस असं मी सांगायचं आणि तू ऐकायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू बाजाराच्या गलक्यात "हं, हं, जेवलीस का?" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं.

परवा प्रयोगशाळेत एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही, कुणास ठाऊक. आम्ही तयार केलेला तो रंग तुला आठवतो ना? एरवी फिका, पाऱ्याचा अंश भेटला तरच जांभळ्या दिव्याखाली नारिंगी उजळतो. माणसाच्या अंगात पारा किती गेलाय ते केसांवरून कळावं, एवढ्यासाठी आमची सगळी खटपट. केस आम्लात विरघळवायचे आणि त्यात रंगाचा थेंब टाकायचा. तुलनेसाठी पारा नसलेले केस हवे होते, म्हणून मी मोठ्या ऐटीत माझी बट कापून दिली. तिची नळी कंदिलासारखी उजळली.

आमचे प्रमुख प्यो सर वैतागले. "रंगच बिघडलाय. करा पुन्हा!" पुन्हा केला, पुन्हा नारिंगी. शेवटी सरांनी टकलाच्या कडेचे उरलेसुरले केस दिले. त्यांची नळी अंधारीच राहिली.

"इसूल, मोठे समुद्री मासे खातेस का?"

"छे हो सर, आमचं गाव डोंगरातलं. समुद्र कुठं आणि आम्ही कुठं!"

मी खोटं बोलत नव्हते गं. दोंबेगी म्हणजे मासा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे ती पूजेची वस्तू. जिना उतरताना मात्र आठवलं. शार्क आयुष्यभर लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्यात साठत जातो, हे मीच वर्गात शिकवते.

घरच्या पार्सलमधला तुकडा नेऊन तपासला. तोही उजळला.

तरी मला काही कळेनासं झालंय. आजी जन्मभर दोंबेगी खायची आणि नव्वदीतही सुईत दोरा ओवायची. मग खरं कोण, आजी की दिवा? पूजेच्या दिवशी बाबांच्या ताटात दोंबेगी नसली तर ते वरून काय म्हणतील? आणि पूजेनंतर ताटातलं आपण खाल्लं नाही तर त्यांचा आशीर्वाद पोचायचा कसा? जी विकून तू मला शिकवलंस, तिलाच मी शिकून वाईट म्हणायचं? विचार करकरून डोक्याचा भुगा झालाय. सरांना अजून काही बोलले नाही.

तू म्हणशील, एक तुकडा खाऊन कुणी मरत नाही. माझ्या एकटीसाठी मी एवढा घोळ घातलाही नसता.

आई, मला तिसरा महिना आहे. फोनवर दोनदा जिभेवर आलं होतं, पण तू गिऱ्हाइकाशी भांडत होतीस. हा पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो. आणि मला डोहाळे लागलेत ते नेमके दोंबेगीचे! भात नको, फळ नको, फक्त तुझ्या हातची खारट दोंबेगी. काल फ्रीजर उघडून रडत उभी होते. "टाकून देऊ का?" असं गिचाननं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले, "माझ्या आईनं पाठवलंय ते!"

दिव्याचं मला पटतं, पण मन त्याचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. लहानपणी तू "ठेव खाली!" म्हणालीस की घास आपोआप खाली यायचा. तसं एकदा ओरड माझ्यावर. चुसकला पितरांच्या पूजेला आम्ही येतोच आहोत. बाबांचं ताट नेहमीसारखं मांड, आणि त्यांना सांग, या वर्षी इसूलचा वाटाही तुम्हीच खा.

पार्सल अजून फ्रीजरमध्येच आहे. लवकर ओरड, आई.

तुझी इसूल,
आणि जे अजून काहीच खायला शिकलेलं नाही, ते