या आठवड्याचा शब्द: सायलेन्स

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुरुस्ती. काल इथं लिहिलं की नववीतल्या नीलमला सोळावं सरलं. चूक. आज शाळेत जन्मतारीख पाहिली. पंधरावं अजून चालू आहे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तरी चुकीचं राहू नये.
बाकी नोंद बरोबर. तास सुटल्यावर नळापाशी तिनंच सांगितलं, "मॅडम, घरी माझं लगीन जमवायलेत. तुमी कुणाला तरी सांगा की." मी म्हणाले, सांगते. म्हणजे सांगणारच. मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ आहे, दहा अठ्ठ्याण्णव. नाव गुप्त ठेवतात. फक्त लग्नाची तारीख हवी. अर्धवट माहितीवर तोंड उघडायचं नाही, हा अण्णांचा नियम. चौथीपर्यंत वडील तेच, मास्तरही तेच; मला घरीच शिकवलं. पहिला धडा: हाताची घडी, तोंडावर बोट.
नववीच्या भिंतीवर दर आठवड्याला एका इंग्रजी शब्दाचा तक्ता लावते. या वेळी सायलेन्स. तो आधी संपवते.

बुधवार, १२ फेब्रुवारी
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाई नीलमच्या आत्या. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. पातेलं ढवळता ढवळता म्हणाल्या, "लगीन कुठलं वो मॅडम? रविवारी नुसता साखरपुडा हाय. लगनाचं बघू उन्हाळ्यात."
जीव भांड्यात पडला. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. आत्ता फोन केला तर तक्रार खोटी ठरेल. मे महिन्यापर्यंत वेळ आहे. घाईत बिघडलं असतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
तक्ता निम्मा झाला. नाम: वाचनालयातली पाटी, श्रद्धांजलीची दोन मिनिटं, दवाखान्यातला नर्सचा फोटो. क्रियापद: एखाद्याला गप्प करणे. याला चित्र सुचेना, जागा कोरी ठेवली.
नीलम उभी राहिली. "मॅडम, गप करन्याला काय म्हनतेत ते कळलं. पन जे नुसतंच गप बसतेत, त्यांना काय म्हनायचं?" पोरी हसल्या. गोंगाट वाढला. मी डस्टर आपटून म्हणाले, सायलेन्स! लगेच शांतता. शब्द वापरून दाखवला की मुलांच्या लक्षात राहतो.
तिच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या तासाला द्यायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
निश्चय केला होता, आजच फोन. खबरदारी म्हणून. दोन आकडे दाबले. बाहेरून अण्णांनी विचारलं, कोणाला गं? म्हणाले, रिचार्ज. खोटं बोलले, याची नोंद असू द्यावी.
गणिताच्या मुकुल सरांना आडून विचारलं, एखाद्या मुलीचं असं असं असेल तर? त्यांना लगेच कळलं. "मॅडम, तुमी तासिकेवर हाव. पुढच्या जूनला परत घ्यायचं का न्हाई, हे हीच गावातली मंडळी शाळा समितीत बसून ठरवनार. आन् साखरपुड्याला पोलीस? पेढे कमी पडतेन की!" स्वतःच हसले. मग म्हणाले, साऱ्या स्टाफला जेवायचं बोलावणं आहे.
जाणार. जेवायला नाही. माहिती प्रत्यक्ष पाहिलेली असावी, ऐकीव नको.

रविवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळी
गेले. फोन सायलेंटवर ठेवला.
नवरदेव बुलेटवर आला, सायलेन्सर काढलेली. गल्लीतली कुत्री पळाली. (तक्त्यात घेता येईल.) पेढे झाले, ओटी भरली, पहिली पंगत उठली. मी निघणार, तेवढ्यात फेटेवाले एक आजोबा उठले. "पावने जमलेच हायेत. दोनदा मांडव कामून घालायचा? उरकूनच घ्या की!" कोणी दचकलं नाही. हळद आत वाटून तयार. मुंडावळ्या कपाटावर. भटजीही पंगतीतच होते, हात धुऊन आले.
आमच्याकडे साखरपुड्यातच लग्न लावायची रीत आहे. मला ठाऊक होतं. माझ्या सख्ख्या मावशीचं तसंच झालं. बुधवारी कसं आठवलं नाही, याचा विचार करायला हवा.
सुमनबाईंनी माझ्या हातात अक्षता दिल्या. "मॅडम, हिकडं म्होरं या. पोरीला बरं वाटंल." अंतरपाट धरायच्या आधी सगळे एकदम गप्प झाले. नीलम माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. तासाला उत्तराची वाट बघते तशी बघत होती. बोलायला तीच जागा होती. मी पाण्याचा तांब्या कुठं दिसतो का पाहिलं. पाणी आधी प्यायला हवं होतं.
मी अक्षता टाकल्या नाहीत. हे लिहून ठेवते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
दुरुस्ती. अक्षता पर्समध्ये शोधल्या. नाहीत. मुठीतही नव्हत्या. टाकल्या असाव्यात.
नीलमचा बाक रिकामा. हजेरीत नाव घेतलं, गैरहजेरी मांडली. तक्ता लागला. मुख्याध्यापकांना आवडला, कोरी जागासुद्धा. म्हणाले, कल्पक आहे.
लग्न झालं म्हणून सगळं संपलं असं नाही. तक्रार नंतरही करता येते. या वेळी चूक नको. आधी नीलमला विचारायचं, तिच्या संमतीशिवाय बोलणं बरोबर नाही. सुमनबाई म्हणतात, पहिल्या होळीला माहेरी आणतील. होळी तेरा मार्चला, चौदाला धुळवड. सणाच्या दिवशी कोणाच्या दारात असलं बोलणं बरं दिसत नाही.
शनिवार, १५ मार्च. सकाळची शाळा सुटल्यावर. पक्कं.