गोड्या मसाल्याचा डबा

आई, सकाळपासून लेस्टरमध्ये बर्फ पडतोय. शाळा बंद, म्हणून तुझ्या नातीनं चॉकलेट चिप कुकीज करायला घेतल्या आणि बाबा किचनमधल्या टेबलापाशी तिच्याशी गप्पा मारत बसले. गेल्या वर्षापासून ते आमच्याकडेच असतात. कधी कधी मला तूच समजून बोलतात, मी ओ देते. आज पहिला ट्रे बाहेर आला, घरभर वास पसरला आणि बाबा बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "तुझ्या आईची माफी मागायची राहिली गं. मी ओव्हन उघडून बघायला हवा होता."

तेव्हा मी दहा वर्षांची होते. असाच बर्फ, अशीच सुट्टी. तू बर्फ तुडवत वॉर्डवर गेली होतीस, बाबा हॉस्पिटलात नाइट ड्युटी करून येऊन वर झोपले होते. आपल्याकडे ओव्हन म्हणजे कपाटच. त्यात कढया, तवे, आणि इंग्लंडच्या ओलसर हवेत खराब होऊ नये म्हणून आजीच्या गोड्या मसाल्याचा प्लास्टिकचा डबा. आजी दिवाळीआधी गेली, तुला भारतात जाता आलं नाही. तिच्या हातचा तो शेवटचा मसाला तू आमटीत अगदी चिमूटभर घालायचीस. मला मात्र मैत्रिणीच्या घरी करतात तशा कुकीज आपल्या घरी करायच्या होत्या. पुस्तकात लिहिलं होतं, आधी ओव्हन तापवा. मी तापवला. आत पाहिलं नाही, कारण मैत्रिणीच्या आईला कधी पाहावं लागत नसे.

डबा वितळून जाळीतून खाली गळला. घरभर धूर. मी पिठाचा गोळा मागच्या गार्डनमध्ये बर्फाखाली पुरला आणि तू आल्यावर सांगितलं, "बाबांनी लावला. किचन गरम करायला." बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. लक्षात नाही राहिलं." तू कोटही न काढता खाली बसलीस आणि सुरीनं ते काळं प्लास्टिक खरवडत राहिलीस. "अहो, पेशंटला कापायच्या आधी तरी आत काय आहे ते बघता ना?" त्यानंतर आठवडाभर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. बर्फ वितळल्यावर तो गोळा उघडा पडला. बाबांनी तो फावड्यानं उचलून बिनमध्ये टाकला. मला काही विचारलं नाही.

पुढे ते तुझं ठरूनच गेलं. कोणी जेवायला आलं की आमटी वाढताना तू म्हणायचीस, "आमच्या ह्यांनी माझ्या आईचा मसाला भाजला, आता हा दुकानातला चालवून घ्या." सगळे हसायचे, बाबाही. मी पाणी आणायला उठायचे. तू जाईपर्यंत हे चाललं. मला वाटायचं, खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक आहे, एक दिवस बाबा आणि मी यावर हसू. आज कळलं, आता ते मला एकटीलाच ठाऊक आहे. बाबांना ओव्हनचं बटण स्वतः फिरवल्याचंसुद्धा आठवतं. कुठल्या हातानं, तेही त्यांनी सांगितलं.

"आजोबा, डोन्ट बी सॅड, मी तुमच्यासाठी मोठी कुकी ठेवली," नात म्हणाली. त्यांनी ती हातातच धरली, खाल्ली नाही. मला विचारलं, "तिनं मनात ठेवलं असेल का गं?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "नाही हो बाबा. आईनं तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं." त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

मग मी वर आले आणि हे लिहायला बसले. ते खाली अजून टेबलापाशीच आहेत, नात त्यांना दुसरा ट्रे दाखवतेय. तुला हे सगळं सांगणं मला जमलं, कारण तू ते त्यांना सांगणार नाहीस.