मामाची होडी

१२ फेब्रु. १९९५, रवि.
काल चुलतबहिणीची हळद. आमच्या उलव्यात भटजी असो नसो, धवलारीन लागतेच, आणि ती म्हणजे आई. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. हिच्या मामाची होडी आहे, म्हणून आईने ‘मामाचे होरीन हलद आली’ असं घातलं. शेजारच्या सुमनवहिनीने सगळं टेप केलं. आई खूश. मीपण.

३ मार्च
कॅसेट गावभर. कॉप्या निघाल्यात. वाण्याच्या दुकानातसुद्धा वाजते. आईचा भाव वधारलाय!

३० एप्रिल, रवि.
डोकं फिरलंय. खांदेश्वरला एका फ्लॅटवाल्यांची हळद. इथला मामा डंपर चालवतो. आईने ‘मामाचे डंपरान हलद आली’ म्हटलं. मामा मिशीत हसत होता, तेवढ्यात पोरी ओरडल्या, “मावशे, चुकलीस! होरी हाय, होरी!”
“या मामाची होरी कुठं हाय गो?”
“कॅसेटमदी हाय!”
स्वतःचंच गाणं चुकली म्हणे. शेवटी होडीच गावी लागली. मामाचं तोंड एवढंसं झालं. येताना मला रागाने रडू येत होतं.

४ मे
तळोजा. मी कामाला आहे त्या लॅबमध्ये एका टेस्टची नवी पद्धत आली. साहेबांनी जुन्या कागदावर ‘रद्द’चा शिक्का मारला, विषय संपला. कुणी हूं की चूं केलं नाही. घरी उलटं. आई म्हणते, तिच्या सासूच्या तोंडी बैलगाडी होती. त्याआधी काय, कुणास ठाऊक. बदलत आलं म्हणून तर टिकलं ना? आणि आता एका शनिवारची होडी जन्माची...

१४ मे, रवि.
वरच्या आळीत हळद. निरोप आला होता, कॅसेटसारखंच गा. आई चिडून म्हणाली, “मंग टेपच लावा ना!” त्यांनी खरंच टेप लावला. आई घरी, तिचा आवाज तिकडे. जेवली नाही. “माज्यामागं गानारी कोन? ती पेटी?”

२० मे
सुमनवहिनी आली. धवले शिकायचेत म्हणाली. म्हणून दाखवले तर सगळे पाठ, आईच्या खोकल्यासकट!
आई हसली. “गला गोर हाय. तुजा मामा काय करतं?”
“रिक्षा चालवतं.”
“मंग त्याची हलद बोल.”
वहिनी अडली. “बदलला तर पाप लागंल ना?”
“मना लागला का?”
मी शब्द सुचवणार, तर आईने माझा हात दाबला. वहिनी पदर पिळत बसली, मग उठून गेली. मी वैतागले. एवढं सांगायला काय झालं होतं?
“मी सांगितला का तेपन पाठ करंल.”
“आणि परत आलीच नाही तर?”
“तर कॅसेट हाय की,” आई म्हणाली, आणि मासळी साफ करायला बसली.