लसणाच्या वासाचा दुधापर्यंतचा रस्ता

शुक्रवार, ता. ३ मार्च १९३३, सकाळी पावणेसात वाजता माझ्या चहाला लसणाचा वास आला.

लोणावळे, ता. ११ मार्च

चि. दत्तोबास कस्तुराआत्याचे आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? सूनबाईचे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे; राग आला की माझी प्रकृती सुधारते. तू पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतोस, दिवाळीत इथं बसून बेडकाच्या मूत्राशयावर दोन तास बोललास (पुढ्यात करंज्या असताना), पण उपयोगाचं एक अक्षर सांगितलं नाहीस. त्याचा परिणाम खाली वाच.

भाजे गावची धोंडाबाई गेली नऊ वर्षं सकाळच्या गाडीनं माळवलीहून येऊन आमच्या आळीत दूध घालते. त्या दिवशी मी तिला दारातच धरलं. लसणाच्या हातानं चरवी धुतलीस, असं चार बायकांदेखत सुनावलं. (निवृत्त हेडमिस्ट्रेसचा आवाज चौघींवर थांबत नाही, पलीकडच्या आळीतूनही दोघी आल्या.) ती म्हणाली, "चरवी राखेनं घासलीया, मावशी. लसणाची काढणी झाली, म्हशीनं पात खाल्ली. ती खाती त्येच दुधात उतरतंय." मी म्हटलं, पोट कुठं, कास कुठं! मध्ये काय नळ बसवलाय?

आता माझी बाजूही ऐक. आमच्या कॉन्व्हेंटात शरीराचा एक तक्ता होता, पण बरगड्यांच्या खाली सिस्टरनी तपकिरी कागद चिकटवला होता. हृदय आम्हाला तोंडपाठ. त्याच्या खाली काय चालतं ते परमेश्वरावर सोडलेलं. तेवढ्या ज्ञानावर मी पस्तीस वर्षं आरोग्यशास्त्र शिकवलं, आणि तेवढ्यावरच धोंडाबाईला खोटं पाडलं. त्याच दिवशी सहा घरांनी तिचा रतीब बंद केला.

जाताना ती एवढंच म्हणाली, "लेकराला पडसं झालं की आमी तळपायाला लसूण चोळतो. घटकाभरानं त्याच्या तोंडाला वास मारतो. चोळून बगा, मग बोला."

मी चोळला. तीन पाकळ्या ठेचून, वर मोजे, आणि घड्याळ समोर ठेवून तोंड मिटून बसले (पाय टेबलावर; हे तुझ्या आईला सांगू नकोस). तासाभराच्या आत जिभेवर लसूण! शेजारच्या सारजाबाईला तोंड हुंगायला लावलं. "बाई, ठेचा खाल्ला व्हय?" सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. दत्तोबा, तो आला कुठून? रक्तातूनच ना? पण कातडीला भोक नसताना रक्तात शिरला कसा आणि बाहेर पडला कुठून? तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मनुका पाण्यात टाकल्या, संध्याकाळपर्यंत टरारून फुगल्या. भिंगानं पाहिलं, एकीलाही छिद्र नाही. त्याच मनुका दाट पाकात टाकल्या, तर पुन्हा सुरकुतल्या. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तो आजवर मी कैरीचा स्वभाव समजत होते. आणि लसणाचा वास दुधात उतरतो, तर गवताचा हिरवा रंग का उतरत नाही? दारावर कोण उभा असतो, आणि कोणाला सोडायचं हे तो कशावरून ठरवतो? बेडूक बाजूला ठेव आणि याचं उत्तर दे.

तुझी,
कस्तुराआत्या

ता. क. गिऱ्हाइकं तुटल्यामुळे धोंडाबाई शनिवारी, १८ तारखेला, म्हैस बाजारात नेणार आहे. मी सहाही घरी जाऊन तोंड हुंगवून आले; सगळ्या पुन्हा दूध घ्यायला तयार आहेत. पण धोंडाबाई अडून बसली आहे. "ज्या तोंडानं बोलल्या, त्याच तोंडानं चुकलं म्हणू द्यात."

आणखी ता. क. तीन वेळा तिला गाठायला स्टेशनवर गेले. तिन्ही वेळा गाडी किती उशिरा आली, यावरच बोलून परत आले. तेव्हा तू असं कर. तिच्या नावानं पत्र लिही, आणि त्यात माझ्या वतीनं तिची माफी स्वच्छ, मोठ्या अक्षरांत माग. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच ते तिच्यासमोर, त्या बायकांदेखत वाचीन. समोर कागद असला की मला काहीही वाचता येतं. उत्तर गुरुवार ता. १६ च्या टपालानं आणि लेखीच हवं. तू स्वतः येऊ नकोस. आलास तर तूच बोलशील, आणि मी गप्प राहून सुटेन.